मित्रांसाठी वेळ कुठून काढायचा? नागपुरातल्या एका लॅबवाल्याचं सांगणं

सकाळी सहाला माझी गाडी निघते. मनीषनगर, नरेंद्रनगर, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर हा माझा पट्टा. घरोघरी जाऊन रक्ताचे सॅम्पल घ्यायचे, आइसबॉक्समध्ये नीट लावायचे आणि साडेनऊच्या आत लॅबला पोचवायचे, हे माझं काम. फास्टिंगवाले आधी उरकतो. त्यांच्या पोटात रात्रीपासून काही नसतं आणि चहासाठी जीव कासावीस झालेला असतो.

ट्युबवर नाव टाकण्याआधी एक फॉर्म भरून घ्यावा लागतो. नाव, वय, डॉक्टर कोण, आणि सगळ्यात खाली तातडीचा नंबर. तिथे बहुतेक जण मुलाचा नाहीतर मुलीचा नंबर सांगतात. मुलगा पुण्यात, मुलगी बंगलोरला, कोणाची अमेरिकेत. "इथला, नागपुरातला कोणाचा देता का?" असं विचारलं की समोरचा माणूस थांबतो. घर स्वतःचं, पेन्शन चांगली, अंगणात चिकूचं झाड, आणि हाक मारली तर पंधरा मिनिटांत येईल असं एक नाव चटकन आठवत नाही.

या लोकांना कधी मित्रच नव्हते असं मुळीच नाही. कॉलेजात होते, ऑफिसात होते, महालातल्या जुन्या वाड्यात होते. मग भेटणं सुटत गेलं. कारण विचारलं तर सगळ्यांचं एकच, वेळ मिळाला नाही. मला हे कारण खोटं वाटत नाही. वेळ कोणालाच मिळत नाही. म्हणूनच माझं सांगणं आहे की मैत्रीसाठी वेगळा वेळ शोधत बसू नका. जी कामं तुम्हाला तशीही करायचीच आहेत, ती मित्राला सोबत घेऊन करा. मी आणि माझे मित्र हे वर्षानुवर्षं करतो आहोत, आणि ते कसं जमवायचं तेच इथे लिहितो आहे.

आधी तासांचा हिशोब

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या ओळखीचा माणूस जरा जवळचा व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात, मित्र म्हणावा इतका व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० पेक्षा जास्त, असं त्यांना दिसलं. त्यातही नुसतं एका ऑफिसात बाजूबाजूला बसलेले तास फारसे कामाचे ठरत नाहीत. हसणं, थट्टामस्करी, मनातलं बोलणं यात गेलेले तास माणसं जवळ आणतात.

आता आपलं गणित मांडा. वर्षातून दोन लग्नांत आणि एकदा दिवाळीत, दर वेळी तासभर भेटलात, तर २०० तास भरायला साठ वर्षांहून जास्त लागतील. आठवड्याला दोन तास भेटलात तर दोन वर्षांच्या आत भरतात. रोज अर्धा तास भेटलात तर तेरा-चौदा महिने पुरे. हा आकडा नवी मैत्री होण्याचा आहे. जुनी मैत्री टिकवायला इतकं लागत नाही, पण काहीच दिलं नाही तर तीही आटते.

दुसरा आकडा माझ्या धंद्याशी लागून आहे. ज्युलिआन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यास एकत्र तपासले. तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती त्यात होती. ज्यांची माणसांशी नाती घट्ट होती, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. मी रोज लोकांची साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड तपासायला घेऊन जातो. हे सगळं रिपोर्टवर छापून येतं, जास्त असेल तर ठळक अक्षरात येतं. मित्र किती, याचा रकाना कोणत्याच रिपोर्टवर नाही. तो ज्याचा त्यानेच तपासायचा आहे.

कामं जोडून घ्या

नागपुरात प्रत्येक घरात होणारं काम म्हणजे कूलर काढणं. होळी झाली की आठ-दहा दिवसांत ते करावंच लागतं, कारण एप्रिल लागला की खस भरणारा माणूस मिळत नाही आणि मिळाला तर भाव सांगतो. माझा एक मित्र रेल्वेत आहे, अजनीला राहतो. एका रविवारी त्याच्या घरचे दोन कूलर, पुढच्या रविवारी माझ्या घरचे. माळ्यावरून उतरवायचे, जुनं काळं पडलेलं खस काढून टाकायचं, टाकीला चिकटलेला पांढरा क्षार पत्र्याने खरवडायचा, पंपाची जाळी धुवायची, मोटरला तेल द्यायचं, मग ताट्यांत नवं खस सारखं पसरवून सुतळीने बांधायचं. हे काम एकट्याने होत नाही. एकाला ताटी धरावीच लागते.

असंच एकदा तो टाकी खरवडत बसला होता आणि मी ताटी धरून उभा होतो. वर न बघता तो म्हणाला, "पोरीचं जमलेलं लग्न मोडलं भौ." मी ताटी तशीच धरून ठेवली. तोही खरवडत राहिला. जरा वेळाने मी विचारलं, "कधी झालं?" मग अर्धा तास तो सगळं सांगत होता, देण्याघेण्याचं, मुलाकडच्यांचं, पोरगी जेवत नव्हती त्याचं. हॉटेलात समोरासमोर बसवून मी विचारलं असतं तर हा माणूस एक शब्द बोलला नसता, हे मी खात्रीने सांगतो. पुरुषमाणसाचे हात कामात असले आणि डोळ्याला डोळा द्यावा लागत नसला की तो बोलतो. म्हणून मित्राला "ये, बोलत बसू" म्हणण्यापेक्षा "ये, कूलर काढायचा आहे" म्हणा.

अशी कामं भरपूर निघतात. संत्र्यांचा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर बाजारात असतो. कळमन्याच्या मार्केटमधून एक कॅरेट आणायचं आणि तीन घरांत वाटायचं. एका घराला तेवढी संत्री संपत नाहीत, आणि वाटणीच्या निमित्ताने तिघांच्या घरी जाणं होतं. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार करायचा तर शेजारणीला हाक मारून जा. गाडीची सर्व्हिसिंग एकाच दिवशी टाका आणि गाड्या मिळेपर्यंत सोबत बसा. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, तेव्हा बँकेत दोघं पेन्शनर मिळून जा. एक नियम मात्र पाळा. काम दोघांच्या घरचं व्हायला हवं. दर वेळी एकाच्याच घरचं होत राहिलं तर दुसऱ्याला आपण फुकटचे मजूर आहोत असं वाटायला लागतं, आणि त्याचं तसं वाटणं बरोबर असतं.

भेटायची वेळ बांधून टाका

"भेटू एकदा" या वाक्यातून भेट कधीच होत नाही. बायकांनी याचा उपाय फार आधी शोधून ठेवला आहे, भिशी. माझ्या घरच्या मंडळींची भिशी बारा जणींची आहे. दर महिन्याला प्रत्येकी हजार, चिठ्ठी निघेल तिला बारा हजार, आणि त्या दिवशी तिच्या घरी सगळ्यांचं खाणंपिणं. पैशाने तारीख पक्की होते. पाहुणे येवोत, पोराची परीक्षा असो, भिशीला जावंच लागतं. एकीच्या नवऱ्याची बायपास झाली त्या महिन्यातली भिशी दवाखान्याच्या बागेत झाली, कारण तारीख मोडायची नाही हे ठरलेलं होतं. तिला त्या दिवशी अकरा जणी भेटल्या.

पुरुषांनी हे जसंच्या तसं उचलावं. रक्कम लहान ठेवा, ओळखीतलेच लोक घ्या, आणि चिठ्ठी लागल्यावर पुढचे हप्ते बुडवणारा माणूस असेल तर त्याला पहिल्यापासूनच घेऊ नका.

भिशी नको असेल तर वार आणि जागा ठरवा, आणि ती परत परत विचारू नका. आमचं शनिवारी सकाळी साडेनऊनंतर तर्री पोह्यावर असतं. मी सॅम्पल पोचवून मोकळा होतो, एक जण रात्रपाळी करून येतो, एकाचं दुकान अकराला उघडतं. फोन करायचा नाही, येणार का म्हणून विचारायचं नाही. जो आला तो आला. तिघं असतो कधी, कधी एकटाच खातो आणि निघतो. एकटा पडलो म्हणून मी शनिवार बंद केला नाही. वेळ बांधलेली असली की न आलेल्याला सफाई द्यावी लागत नाही, आणि महिन्याभराने तो आला तरी मधेच बसून तर्री मागतो.

मित्र शहरभर पांगले असतील तर मधली जागा घ्या. एक वर्धमाननगरला, एक हिंगण्याकडे आणि एक खापरीला असेल तर मेट्रोच्या दोन्ही लाइन सीताबर्डीला मिळतात, तिथे उतरा. कोणाच्याही गाडीचं पेट्रोल जळत नाही, आणि उन्हाळ्यात ते फार महत्त्वाचं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दुपारी दोनला कोणी मित्रासाठी गाडी काढणार नाही. तेव्हा भेट सकाळी लवकर नाहीतर रात्री जेवणानंतर ठेवा.

वर्षातला एक सणही आपल्या टोळीच्या नावाने राखून ठेवा. आमचा मारबतीचा दिवस आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा आम्ही इतवारीत ठरलेल्या कोपऱ्यावर उभे असतो. गावाबाहेर गेलेला एक मित्र त्या दिवसासाठी सुटी टाकून येतो. दिवाळीला त्याला सासुरवाडी असते, मारबतीला कोणाचीच सासुरवाडी नसते.

"काही लागलं तर सांग" म्हणू नका

हे वाक्य चांगल्या मनाने म्हटलं जातं, पण अडचणीतल्या माणसाला त्याचा उपयोग होत नाही. ज्याचा बाप आयसीयूत आहे त्याला काय लागतं हे त्यालाच कळत नसतं, आणि कळलं तरी तो मागत नाही. म्हणून काम घेऊनच जा. "आज रात्री मी थांबतो, तू घरी जाऊन झोप" हे म्हणा, आणि जाताना चटई, चादर, लांब वायरचा चार्जर, पाण्याची बाटली आणि सुटे पैसे घेऊन जा. मेडिकलला नाहीतर मेयोला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत, कोणी भरती असेल तर रात्री पेशंटजवळ एक जण, आणि औषधं, रिपोर्ट, रक्त यासाठी धावायला दुसरा, असे दोघं तरी लागतात. घरचे पहिले दोन दिवस हे रेटून नेतात. तिसऱ्या रात्री त्यांना खरी गरज असते. तुमची पाळी तेव्हा लावा.

मयत झाली की कामं आणखी ठरावीक असतात. डॉक्टरचा दाखला, नातेवाइकांना फोन, घाटावर आधी एक माणूस पाठवणं, बाहेर खुर्च्या, येणाऱ्यांना पाणी. यातलं एक काम उचला आणि ते पूर्ण करा. मग तेरवीपर्यंत घर भरलेलं असतं, कोणी ना कोणी डबा आणतंच. तेरवी झाली की पाहुणे गाड्या धरतात आणि घर एकदम रिकामं होतं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी जा. त्या संध्याकाळी नुसतं जाऊन बसा, टीव्ही लावला असेल तर टीव्ही बघा. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा जा, कारण मृत्यूचा दाखला, बँक, पेन्शन, गॅसचं कनेक्शन ही कामं तेव्हा सुरू होतात आणि त्यात सोबत लागते.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट ज्यांनी नागपुरात काढली ते विसरणार नाहीत. रात्रीत कोसळलेल्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी भागात तळमजल्यावर माणसाच्या कमरेच्या वर पाणी होतं. आमच्यातल्या एकाचं घर त्याच भागात आहे. पाणी ओसरलं तेव्हा घरभर वीतभर गाळ होता. फ्रिज आडवा पडला होता, गाद्या पाण्याने इतक्या जड झाल्या होत्या की चौघांना उचलेनात. आम्ही खराटे, घमेली, वायपर घेऊन पोचलो. त्याला काहीही विचारलं नाही. एकाने गाळ ओढायला घेतला, एकाने पोरांची पुस्तकं गच्चीवर वाळत घातली, दोघांनी इलेक्ट्रिकचं मेन बंद आहे ना ते आधी पाहून मीटरजवळची भिंत पुसली. त्याची आई दोन दिवस माझ्या घरी राहिली. घर तळमजल्यावर असेल तर वरच्या मजल्यावर राहणारा एक तरी मित्र वस्तीत असावा, हे त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगतो.

मागायची सवय ठेवा

देणारे लोक खूप आहेत. मागणारे कमी, आणि मैत्री तिथे अडते. तुम्ही कधीच काही मागितलं नाही तर समोरचाही तुमच्याकडे मागायला येत नाही.

त्रिमूर्तीनगरात एक काकू आहेत, सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहतात. सुईची त्यांना लहान मुलासारखी भीती. त्यांनी मागच्या गल्लीतल्या मैत्रिणीला सरळ सांगून ठेवलं आहे की माझं रक्त काढायच्या दिवशी तू यायचं. मी साडेसहाला बेल वाजवतो तेव्हा ती मैत्रीण सोफ्यावर बसलेलीच असते. मी दंडाला पट्टा बांधतो, शीर शोधतो, आणि तेवढ्यात ती काकूंचा दुसरा हात धरून भांडण उकरून काढते. "काल वांगी कायले इतकी महाग आणली वं?" काकू तिकडे तोंड करून तावातावाने उत्तर देतात, आणि माझी ट्युब भरलेली असते. मग मैत्रीण पोहे करते. जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून दोन तास मोजून घ्यायची असते, तर ती घड्याळाकडे बघून वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवते. दोन तास दोघी बोलत बसतात. मी परत जातो तेव्हा नवीन भांडण तयार असतं. स्वतःचं काम पडलं की ही मैत्रीणही काकूंना तसंच हक्काने बोलावते. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ड्रॉप टाकायला काकू दिवसातून चार वेळा जात होत्या.

रक्तावरून आठवलं म्हणून एक काम आजच करून टाका. आपल्या पाच-सात मित्रांचे रक्तगट विचारा आणि फोनमध्ये नावापुढे लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर डेंग्यू वाढतो, प्लेटलेट्ससाठी धावाधाव होते, आणि रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर "बी निगेटिव्ह पाहिजे" असे मेसेज फिरतात. अठरा ते पासष्ट वयाचा निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. एकदा दिल्यावर पुरुषाने ९० दिवस आणि बाईने १२० दिवस थांबायचं असतं, म्हणून शेवटचं कधी दिलं ती तारीखही लिहा.

पैशाचं थोडक्यात सांगतो. मित्राला उसने द्यायचे तर परत आले नाहीत तरी घरात भांडण होणार नाही एवढेच द्या, आणि परतीची तारीख देतानाच बोलून घ्या. कर्जाला जामीन राहू नका. हे मी कोणत्याही जवळच्या माणसाला सांगेन.

रुसवा आला तर

लांबलचक मेसेज लिहू नका. रात्री लिहिलेला मेसेज सकाळी वेगळाच वाचला जातो, आणि तो फोनमध्ये कायम राहतो. घरी जा. कोण बरोबर होतं हे पहिल्या भेटीत काढू नका. आमच्याकडे दाराशी उभं राहून एवढंच म्हणतात, "काय करून राहिला? चाल, चहा पिऊन येऊ." तो आला तर अर्धं काम झालं. आला नाही तर पंधरा दिवसांनी परत जा. मूळ विषय निघायचा तेव्हा निघेल, बहुतेक चालता चालता निघतो, आणि तेव्हा आपला भाग आपण आधी सांगावा.

या शहरात नवीन असाल तर

मिहानमध्ये नोकरीला आलेली बरीच पोरं मला विचारतात की इथे ओळखी कशा करायच्या. एकच जागा, एकच वेळ, आणि चिकाटी. ट्रॅफिक पार्कला, सेमिनरी हिल्सला किंवा वस्तीतल्या बागेत सकाळी रोज एकाच वेळी फिरायला जा. पहिले काही आठवडे नुसती मान हलते. मग एक दिवस कोणीतरी विचारतं, "काल दिसले नाही?" त्या दिवशी थांबून बोला. वयाकडे बघू नका. साठीचा माणूस पंचविशीच्या पोराला घरमालक, गॅस, चांगला दाताचा डॉक्टर सगळं मिळवून देऊ शकतो, आणि पोरगा त्याला मोबाईलवरून बिल भरून देऊ शकतो.

सुटलेल्या मित्राला फोन करताना

याचा लोकांना सगळ्यात जास्त संकोच वाटतो. इतक्या वर्षांनी केला तर त्याला वाटेल काही काम असेल, पैसे हवे असतील. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०२२ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन नेमकं यावर आहे. आपण सहज आठवण काढली तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज लोक कमीच करतात, असं त्यात दिसलं. आणि ही आठवण जितकी अनपेक्षित, तितकं त्याला जास्त बरं वाटतं.

तर फोन करा, मेसेज नको. संध्याकाळी सात ते आठच्या मध्ये करा, तेव्हा माणूस ऑफिसातून आलेला असतो आणि जेवायला बसलेला नसतो. पहिल्याच वाक्यात सांगा की काही काम नाही. "काम नाही रे, धंतोलीवरून चाललो होतो, आपली जुनी मेस दिसली, म्हणून लावला." एवढ्या वर्षांत का केला नाही यावर दोघांनीही बोलू नये. आईवडिलांची चौकशी जपून करा, मधल्या काळात कोणी गेलेलं असू शकतं. "घरी सगळे कसे आहेत?" इतकंच विचारा, तो सांगेल तेवढं ऐका. दहा मिनिटांत फोन आटोपता घ्या, आणि ठेवण्याआधी एक छोटं काम जोडून टाका. संत्री पाठवतो म्हणा, नाहीतर त्याच्या भागातला चांगला सुतार विचारा. आणि पत्ता परत विचारून लिहून घ्या. बहुतेकांनी एव्हाना घर बदललेलं असतं.